हरायची हौस

लामत्याला गाडी थांबली आणि आमच्या डब्यात आधी एक मिशी चढली, मग तिच्यामागून माणूस. सहा फूट उंच, खांद्यावर होल्डॉल, आणि चेहरा असा अवघडलेला की जणू सगळ्या डब्याची माफीच मागतोय. छोट्या लाइनची गाडी ती, त्यांचे गुडघे समोरच्या बाकाला टेकत होते.

मी आणि माझी मावसबहीण शीला पत्ते मांडून बसलो होतो. पाच-तीन-दोनचा तिसरा भिडू नेमका लामत्यालाच उतरून गेला होता.

"भाईसाब, पत्ते येतात का?" मी विचारलं.

शीलानं मला कोपर मारलं. परक्या पुरुषाला कोणी असं विचारतं का! पण मी चोवीस वर्षांची, बालाघाटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर अनोळखी लोकांशीच बोलणारी. मला कसली भीती?

"येतात," ते म्हणाले. "पण मी हरतो."

"हरणाऱ्याले धपाटा बसते आमच्यात."

"कोण देते?"

"जिंकणारा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं... मग पटकन खिडकीबाहेरच्या बांबूच्या बनाकडे. "बसतो मग."

आणि हरले हो! माझा हात आमच्या घरात नावाजलेला. पाठीवर असा धप्पकन बसला की समोर डुलकी घेणारे आजोबा दचकून उठले, "बालाघाट आलं का?" मिशीवाल्यांचे कान लालबुंद.

"लागलं का?" मी घाबरून विचारलं.

"हौ."

"अगं बाई! मग?"

"मग... वाटा ना पत्ते. अजून बालाघाट कुठं आलं?"

ते मुकुंद. वनखात्याच्या लाकूड डेपोत नोकरीला होते. चारच दिवसांनी एक्स्चेंजवर दिवा लागला. मी प्लग लावला. "नंबर प्लीज?"

"नंबर नको. बोलणारीच पाहिजे होती."

"हा सरकारी फोन आहे, साहेब."

"मग सरकारले सांगून द्या, मी रविवारी हराले येऊन राह्यलो."

कितीतरी रविवार आले ते. माझ्या वडिलांसमोर, बाबूजींसमोर, बसून चहा प्यायचे, शीलाला मध्ये बसवून पत्ते खेळायचे आणि न चुकता हरायचे. जात जुळत होती, नोकरी पक्की होती, बाबूजींना तर पत्ते खेळणारा माणूस म्हणजे सज्जन माणूस. लग्न ठरलं.

आणि ठरल्यावर एका संध्याकाळी वैनगंगेच्या घाटावर हे माझी नजर चुकवायला लागले. आता हा माणूस नाही म्हणतो की काय!

"कालिंदी... एक सांगाचं होतं. लग्नाआधीच सांगतो, मंग तू ठरव." ते वाळूत बोट फिरवत राहिले. "तो धपाटा... मले आवडते. म्हणजे... धपाटाच आवडते. तुह्या हातचा."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"हातात हुकमाचा एक्का ठेवून सत्ती टाकता तुम्ही. पत्ते गोळा करताना मी दर डावाले पाह्यते."

बिचारे! चेहरा मिशीसकट पडला. मग मीही सांगून टाकलं, लाज गेली नदीत वाहून. "मलेही द्याले आवडते. त्या दिवशी गाडीतून उतरल्यावर घरापर्यंत माह्या हाताले झिणझिण्या होत्या. पण एक सांगून ठेवते. मले मार नको. मी हरली तर भजी करीन."

"चालते."

"आणि तुम्ही 'बस' म्हटलं का बस. त्याच्यावर एक बी नाही."

"आणि 'अजून' म्हटलं तर?"

"इश्श!" मी म्हटलं. पण हसले.

लग्न झालं. जिजाबाईंच्या घराचा अर्धा भाग आम्ही भाड्यानं घेतला. जिजाबाई एकट्याच राहायच्या, विधवा होत्या. त्यांच्या आणि आमच्या खोलीत बांबूच्या तट्टीची भिंत, वरून शेणमाती लिंपलेली. रविवारी जेवणं झाली की आम्ही सात-आठचा डाव मांडायचो. डाव कसला, नुसता बहाणा! हे हरायचे, पलंगावर पालथे पडायचे, आणि मी परसवाड्याच्या बाजारातून आणलेला वेळूचा विंझणा, म्हणजे हातपंखा, उचलायची. सट्ट! मी थांबायची, वाकून त्यांचा चेहरा बघायची. मिशीआड हसू.

"अजून एक," ते म्हणायचे. आवाज बाकी भरदार, डेपोतल्या ओंडक्यासारखा.

एका रविवारी डाव आटोपून मी विंझणा खाली ठेवते न ठेवते तोच दार धडाधड वाजलं. उघडलं तर जिजाबाई, आणि त्यांच्यामागे बाबूजी. बाबूजींची टोपी तिरपी, म्हणजे धावत आलेले.

"पाहा बाबूजी, पाहा तुमच्या पोरीची दशा!" जिजाबाई कडाडल्या. "मी लय दिवसापासून ऐकून राह्यली. दर रविवारी मारते हा राकस! वरतून म्हणते, अजून एक! अजून एक! आणि ही पोरगी हूं का चूं नाही करत!"

मी विंझणा पायानं पलंगाखाली सारला.

बाबूजी खुर्चीत बसले. कचेरीत साहेब चाळीशी लावून फिर्याद ऐकतात, तसे. "जवाईबुवा, बसा."

"नाही... मी उभाच बरा," मुकुंद म्हणाले.

"बसा म्हणतो!"

"खरंच नको, बाबूजी."

"गुर्मी पाहा!" जिजाबाई म्हणाल्या.

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "कालिंदी, पेटी भर. चाल घरी. ज्या घरात माह्या पोरीवर कोणी हात उचलते, तिथं ती एक दिवस नाही राहणार."

आणि मुकुंद काय म्हणाले ठाऊक आहे? मान खाली घालून म्हणाले, "चुकलं, बाबूजी. माहीच चूक आहे. तिचा काही दोष नाही."

त्यांनी हळूच मला खूण केली, बोलू नको. मी गप्प बसले असते तर माझी अब्रू झाकून राहिली असती. पण उद्या साऱ्या वॉर्डात त्यांचं नाव बायकोला बडवणारा म्हणून झालं असतं, आणि मी माहेरी. छे! असल्या अब्रूला काय चुलीत घालू?

"बाबूजी, मार मले नाही बसत," मी म्हटलं. "यांले बसते. माह्या हातानं. हे मागतात म्हणून."

बाबूजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मागतात?"

"हौ. पत्त्यात हरले का. आणि मुद्दाम हरतात."

"मुद्दाम? हातात एक्का ठेवून?" बाबूजींना तेच जास्त लागलं. "म्हणजे माह्यासंगही...?"

"नाही, नाही बाबूजी! तुमच्यासंग खराच हरतो," मुकुंद घाईनं म्हणाले.

जिजाबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्याजवळ आल्या. "पोरी, आणि त्यानं बस म्हटलं तर?"

"थांबते."

"लगेच?"

"लगेच. उचललेला हातही खाली घेते."

त्यांनी मुकुंदकडे पाहिलं. "खरं?"

"हौ मावशी. एकदा ठसका लागला म्हणून 'बस' म्हटलं, तरी थांबली. मग मलेच मनवावं लागलं."

जिजाबाई उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "माह्या मालकाले मी जलमभर 'बस' म्हणत होती. एक डाव नाही थांबला. म्हणून तो आवाज आला का माह्या काळजात धस्स होते, माय."

मुकुंदनी त्यांना पाणी आणून दिलं आणि समोर गुडघे टेकून बसले. "मावशी, आम्हाले माहीत नोहतं. आजपासून बंद."

"बंद काहून?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तुमच्या राजीखुशीचं आहे, माह्या बापाचं काय जाते! फक्त आधी सांगत जा. मी देवळात जाऊन बसत जाईन."

बाबूजी उठले, टोपी सरळ केली. दारात थांबून खालच्या आवाजात म्हणाले, "कालिंदी, जरा हळू मारत जा."

"हळू नको, बाबूजी..." मुकुंद बोलून गेले आणि जीभ चावली. बाबूजी इतक्या झपाझप चालत गेले की टोपी पुन्हा तिरपी झाली असेल.

जिजाबाईही आपल्या खोलीत गेल्या. मी दार लावलं आणि मला रडू फुटलं.

"काहून घेतलं अंगावर? मी गेली असती ना माहेरी!"

"तुले चारचौघांत लाजावं लागलं असतं."

"आणि तुम्हाले?"

"माहं काय... लोकांनी काही म्हणो. तू तर खरं जाणून होती."

असा माणूस! मी त्यांच्या छातीवर डोकं टेकलं आणि पहिल्यांदाच त्यांचं नाव घेतलं. "मुकुंद, मले तुम्ही लय आवडता. जीव आहे माहा तुमच्यावर."

ते माझे केस कुरवाळत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पुन्हा म्हण ना."

मी तोंड उघडलं, तोच तट्टीपलीकडून जिजाबाईंचा आवाज आला.

"म्हण वं पोरी, मोठ्यानं म्हण! हे ऐकाले मी घरीच राहीन."