चार हाकांना पाच ओ

भुईगावात जयवंतीबायच्या गळ्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं, आणि तिच्या जिभेबद्दलही नव्हतं. शाळेत ती तिसरीपर्यंत गेली तेवढीच. पण हळदीचं गाणं तिच्याइतकं नेटकं म्हणणारी बाई गावात दुसरी नाही, हे तीच सगळ्यांना सांगत असे. दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत थांबायला तिला सवड नव्हती.

म्हणून शाळेतली संगीताची रोवेना टीचर मंगळवारी सकाळी तिच्या ओटीवर येऊन बसली तेव्हा जयवंतीला नवल वाटलं नाही. उशीर झाला, एवढंच वाटलं.

टीचरनं पिशवीतून काळी डबी काढली. मुठीत मावेल एवढी. डोक्याला दोन बारीक चाळण्या, वर केसाळ टोपी.

"हे काय? मांजराचं पिल्लू?"

"रेकॉर्डर आहे, आजी. टोपी वाऱ्यासाठी."

"एवढ्याशात माझा आवाज मावणार?"

"तुमचा आवाजच काय, वाडीतले कावळेसुद्धा मावतील."

"कावळ्यांना वेगळं बसव हो. माझ्यात मिसळू नको."

टीचर हसली. मग तिनं आपली शिकवायची रीत सांगितली. आजीनं हाक घालायची आणि ओ देण्यापुरती जागा रिकामी सोडायची. वर्गात डबी वाजेल, त्या रिकाम्या जागेत मुलं ओ देतील. मुलांचा आवाज परत डबीत भरायचा आणि त्यांनाच ऐकवायचा. आपली चूक आपल्याच कानांनी ऐकली की शिकवणाऱ्याला ओरडावं लागत नाही.

"आमच्या वेळी चुकलं की सासू चिमटा काढायची," जयवंती म्हणाली. "डबी बरी म्हणायची."

गाणं मांडवातलं. हाक घालणारी सोडून घरच्या सुनांना एकेक करून हाक मारायची, ज्या क्रमानं त्या घरात आल्या त्या क्रमानं. गेलेल्यांनाही. हाक घालणारी म्हणते, 'केळीच्या बनातून या गं, अमकीबाय, मांडवाला या.' तिच्या डाव्या हाताला बसलेली ओ देते, 'आले गं बाई, दारी उभी ऱ्हायले.' नावागणिक सुपात तांदळाचा दाणा पडतो. साऱ्या जणी दारात जमल्या की शेवटची ओळ येते: 'दारातल्या साऱ्या आत या, चटईवर बसून घ्या.' ती झाल्याशिवाय नवरीला हळदीचं बोट लागत नाही.

"शेवटची ओळ मिळायची नाही," जयवंतीनं बजावलं. "मांडव नसला तर ती म्हणत नाहीत. आणि जित्या बायांची नावं मी डबीत घालायची नाही."

"नको. मला हाक आणि ओ, एवढंच हवंय."

"तीन आठवड्यांनी माझ्या नातीची हळद आहे. दिशाची. तेव्हा ये, ओळ मिळेल. आणि येताना जरा बरं नेसून ये, हे झगले नकोत."

टीचरनं कानांवर हेडफोन चढवले. डबीवर लाल दिवा लागला. जयवंतीनं पदर सारखा केला आणि हाक घातली. भिकीबाय, तिची आजेसासू. जागा सोडली. मथुराबाय, चुलतसासू. जागा सोडली. सोनूबाय, सासू. जागा सोडली. मग एक लांब श्वास घेतला. मग ताराबाय, धाकटी जाऊ, जी चार वर्षांपूर्वी गेली. जागा सोडली.

टीचरनं हेडफोन काढले. "सुंदर! पाच नावं, पाच जागा."

"चार."

"पाच ना, आजी?"

"आता मोजायलाही मीच शिकवू?"

डबी पिशवीत ठेवता ठेवता टीचरनं एकदा जयवंतीच्या तोंडाकडे पाहिलं.

आठ दिवसांनी टीचरनं तिला शाळेत बोलावलं. सहावीचा वर्ग. तिसेक पोरं, निम्मी विरारकडच्या नव्या बिल्डिंगांमधली, घरी अर्धं हिंदी बोलणारी. टेबलावर डबी, डबीला वायरीनं जोडलेला लहान स्पीकर. वर पंखा खटखटत होता. जयवंतीला हात असलेली खुर्ची दिली होती. ती तिनं आधी पुसून घेतली.

टीचरनं बटण दाबलं. आपला आवाज असा बाहेरून कानावर आला तेव्हा जयवंतीला वाटलं, ही बाई जरा नाकात गाते.

भिकीबाय. पोरांनी ओ दिली. मथुराबाय. ओ दिली. पोरं सुरात होती, हे तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. सोनूबाय. ओ दिली.

मग तिचा लांब श्वास. पंख्याची खटखट.

आणि टीचरनं खूण केलेली नसताना तिसेक पोरं एका तोंडानं म्हणाली, "आले गं बाई, दारी उभी ऱ्हायले."

मग ताराबाय.

"थांबवा ते," जयवंती म्हणाली. "ही मधली ओ कुणाला दिलीत?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. पहिल्या बाकावरचा जेन्सन उभा राहिला. "आजी, जिला हाक मारली तिला."

"कुणी मारली हाक?"

"तुम्हीच ना. सुभद्राबाय."

जयवंतीनं खुर्चीचे हात धरले. "कुणी सांगितलं तुला हे नाव? कुणाचा रे तू?"

"तो खरं बोलतोय," मागून कृतिका नावाची मुलगी म्हणाली. "तुम्ही रोज म्हणता. टीचर, परत लावा ना."

टीचरनं परत लावलं. जयवंती स्पीकरला कान लावून बसली. सोनूबायनंतर तिला आपला श्वास ऐकू आला, पंखा ऐकू आला, बाहेर रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. दुसरं काही नाही. समोर तिसेक तोंडं त्याच क्षणी उघडली, कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही.

टीचरनं डबीचा इवलासा पडदा तिच्यापुढे धरला. हाक होती तिथे रेघा केळीच्या रानासारख्या दाट उभ्या. "ही सोनूबाय. ही ताराबाय."

"आणि ही मधली?"

"ही सुभद्राबाय," टीचर हळूच म्हणाली. "तुमचाच आवाज आहे, आजी. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

सुभद्रा जयवंतीची थोरली जाऊ. हाक घालायचा मान खरा तिचा. पण गळा जयवंतीचा, म्हणून सासूनं हाक धाकटीला दिली आणि थोरलीला ओ द्यायला डावीकडे बसवलं. वर्षभर दोघी तशा गायल्या. मग घरात वाटण्या झाल्या आणि सुभद्रा नवऱ्याबरोबर बावखलाच्या तळ्यापलीकडे राहायला गेली. नणंदेच्या हळदीला ती परत आली, पण मांडवात शिरली नाही. हिरवं लुगडं नेसून फाटकाशी उभी राहिली, आपलं नाव यायची वाट बघत. जयवंतीनं तिला पाहिलं. सोनूबायनंतर लांब श्वास घेतला आणि पुढचं नाव घेतलं. त्या दिवशी थोरल्या सुनेच्या मानाचा, लवंग टोचलेला एकच विडा पहिल्यांदा जयवंतीच्या पुढ्यात आला, आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यात तिच्याच पुढ्यात आला.

दुसऱ्या दिवशी बावखलाच्या काठावर सुभद्रा तिला म्हणाली होती, "हाक मारशील तेव्हाच येईन, जयवंती. आणि एकदा बसले की उठायची नाही."

त्याच पावसाळ्यात ती काविळीनं गेली. याला चव्वेचाळीस वर्षं झाली. आता घरातल्या कुणाला तिचं नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. जयवंतीनं ते कधी उच्चारलं नव्हतं.

"रोज वाजवतेस हे?" तिनं टीचरला विचारलं.

"रोज दोनदा. मुलांना फार आवडलंय."

"पुसून टाक."

टीचरनं तिच्यासमोर पुसलं. पण वर्गाबाहेर पडताना जयवंतीनं ऐकलं, पोरं डबीशिवायच गुणगुणत होती. पाच ओ.

जयवंती भुताखेतांना भ्यायची नाही. स्मशानाच्या अंगची वाडी तिनं एकटीनं शिंपली होती. तिनं आपल्या परीनं अर्थ लावला: वय झालंय. जुनी सवय. नाव तोंडातून निसटत असेल आणि आपल्यालाच कळत नसेल. पण मग कान? सून हेमांगीनं तिला वसईत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, कान पन्नाशीतल्या बाईचे आहेत.

"पाचूबंदरावरचा मासळीचा लिलाव इथे बसून ऐकेन मी," परत येताना ती रिक्षात म्हणाली. हेमांगी ओ गुणगुणत होती.

दुपारी जयवंतीनं दिशाला समोर बसवलं. "फोन काढ. मी गाते, तू भरून घे. आणि माझ्या तोंडावरून नजर हलवू नको."

ती गायली. सोनूबाय झाली तशी तिनं पदराचा बोळा करून दातांत धरला आणि वरून तळहात दाबला. मनात दहा आकडे मोजले. मग पदर काढून ताराबाय म्हटलं.

दिशानं फोन कानाला लावला.

"काय आहे मध्ये?"

"सुभद्राबाय."

"माझं तोंड हललं?"

"नाही." दिशानं परत एकदा ऐकलं. "आजी, पदर तोंडात असताना इतकं स्वच्छ कसं म्हटलंस?"

मग तिनं विचारलं, "कोण गं ही?"

"कुणी नाही," जयवंती म्हणाली.

हळदीचा दिवस उजाडला. जयवंतीनं आठवडाभर एकच गोष्ट मनात घोळवली होती. शेवटची ओळ म्हटली नाही तर नातीची हळद अर्धी राहते. म्हटली, तर दारात जी कोण उभी असेल ती आत येणार. शाळेतल्या पोरांनी रोज दोनदा ओ देऊन तिला दारापर्यंत आणून ठेवलं होतं. ह्यावर तिनं तोडगा काढला: ह्या खेपेला श्वास घ्यायचाच नाही. जागाच ठेवायची नाही. जागा नाही तर हाक नाही, आणि हाक नाही तर कुणी आलेलंच नाही.

चार वाजता बायका मांडवात चटईवर बसल्या. दिशा पाटावर, हळदीची वाटी पुढ्यात. हेमांगी सूप घेऊन जयवंतीच्या डावीकडे, ओ द्यायला. रोवेना टीचर काठाची साडी नेसून आली होती. तिनं डबी तीन पायांच्या लहानशा स्टँडवर उभी केली. लाल दिवा लागला.

भिकीबाय. हेमांगीनं ओ दिली, दाणा सुपात पडला. मथुराबाय. सोनूबाय.

जयवंतीनं लगेच तोंड उघडलं.

पण ताराबाय ओठांवर यायच्या आत हेमांगीनं ओ दिली.

एकट्या हेमांगीनं नाही. साऱ्या बायकांनी दिली. कुणी मान वर केली नाही. सुपात दाणा पडला.

जयवंतीनं फाटकाकडे पाहिलं. फाटक उघडं होतं. पलीकडे वाडीची पायवाट, उन्हात. कुणी नव्हतं.

तिनं ताराबाय म्हटलं. ओ आली.

मग जित्या सुनांची नावं झाली. आता शेवटची ओळ.

ती थांबली. मांडवात इतकी शांतता झाली की केळीचं पान पानाला घासलेलं ऐकू यावं. तिची नजर डबीवर गेली. पडद्यावर रेघा उठत होत्या, बसत होत्या. कुणी बोलत नव्हतं.

बायकांची हळदीत बुडवलेली बोटं वाळू लागली.

"आजी?" दिशा म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

जयवंतीनं डोळे मिटले आणि म्हटलं, "दारातल्या साऱ्या आत या, चटईवर बसून घ्या."

डोळे उघडले तेव्हा सगळं ठीक होतं. दिशाच्या गालाला हळद लागली होती, बायका हसत होत्या, टीचर डबीमागून अंगठा वर करून छान झालं म्हणत होती. फाटकात कुणी नव्हतं. जयवंतीनं सुस्कारा सोडला.

मग तिच्या ध्यानात आलं की हेमांगी तिच्याशेजारी नाही. ती जराशी सरकून बसली होती. तिच्यापलीकडच्याही सरकल्या होत्या. जयवंतीच्या डाव्या हाताला एका बाईला मांडी घालून बसता येईल एवढी चटई मोकळी होती.

"सरकलीस का गं?" तिनं विचारलं.

हेमांगीला प्रश्नच कळला नाही. "बसायला नको?" ती म्हणाली, आणि विड्यांचं तबक आणायला उठली.

मान थोरलीचा आधी. ही रीत जयवंतीनंच सुनेला शिकवली होती. हेमांगी तबक घेऊन आली, डोक्यावर पदर घेतला आणि त्या मोकळ्या जागेपुढे वाकली. विडा उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबली. मग जयवंतीकडे वळली.

"घ्या, आई."

जयवंतीनं तबकात पाहिलं. विडे रचलेले होते, ओले, हिरवेगार. लवंग टोचलेला त्यात नव्हता.