मावळतीला घटणारं पाणी

ही गोष्ट खरी आहे. पटो, न पटो.

आम्ही मिस्त्री लोक. जालन्यात आमच्या दोन पिढ्या गाड्यांखाली लोळण्यात गेल्या. भुताखेतांशी आमचं देणंघेणं नाही. पाणी घटतंय म्हणजे कुठंतरी गळतंय, एवढंच आम्हाला कळतं. पण माझ्या वडलांनी, कचरू मिस्त्रींनी, एका गाडीपुढे हात टेकले होते. त्या गाडीचा ड्रायव्हर रामकिसन. पुढं काय झालं ते त्याने म्हातारपणी आमच्या ओट्यावर बसून स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सांगताना रडला.

साल १९५४. वैशाख महिना. राजूरकडून जालन्याला येणारा रस्ता.

आणि वेळ रात्रीची नव्हती. दिवस मावळतानाची होती...

धावड्याचे भंवरलाल शेठ कापसाचे व्यापारी. ४८ साली पोलीस ॲक्शनने निजामाचं राज्य गेलं, तेव्हा हैदराबादचा एक जहागीरदार चंबूगबाळं आवरून निघाला, त्याची मोटार शेठनी घेतली. ती आधीच इतकी पळालेली होती की मैल मोजणारा आकडा कंटाळून एका जागी बसला होता. पण रामकिसन तिला पोटच्या पोरीसारखी जपायचा.

शेठच्या बायकोचं नाव सायरबाई. घर जैन. दिवस मावळला की पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही, हा तिचा नेम. कुठं लग्नाला गेलं तर परतीच्या वाटेवर ती मागून घाई करायची.

"रामकिसन, जल्दी कर. दिवस बुडायच्या आत घरी जाऊन पाणी प्यायचंय."

गाडी आल्यापासूनच्या पाच वर्षांत तो नेम एकदाही मोडला नाही. तिच्यापेक्षा रामकिसनलाच त्याची काळजी जास्त. गाडी चालवताना त्याचा एक डोळा रस्त्यावर असायचा आणि एक सूर्यावर.

त्या वैशाखात सायरबाईला ताप भरला. पोटात कळा. तिसऱ्या दिवशी सकाळी जरा उतार पडला म्हणून शेठ सौद्यासाठी परभणीला गेले, आणि दुपारी दुखणं एकदम उलटलं. नणंद संतोषबाईने तिला मागच्या सीटवर निजवलं. गाडी जालन्याच्या दवाखान्याकडे निघाली.

रेडिएटर वाटेतच तापायला लागला. रामकिसन थांबून पाणी घालायचा आणि पुन्हा पळवायचा. भोकरदनच्या पुढे पाण्याचा डबा संपला. राजूरला थांबून तो भरता आला असता. पण देवळापुढे गर्दी होती. वेळ जाईल म्हणून तो थांबला नाही.

राजूरच्या पुढे दोन मैलांवर बॉनेटमधून वाफ उसळली. गाडी बंद पडली.

संतोषबाई डबा घेऊन शेतातल्या विहिरीकडे धावली. रामकिसन इंजिन निवायची वाट बघत उभा राहिला. बऱ्याच वेळाने ती बांधावर दिसली. तिने दुरूनच डबा उलटा करून दाखवला.

विहीर कोरडी होती.

आता गाडीत एकच तांब्या उरला होता. घरून गाळून भरलेला, तोंडाला फडकं बांधलेला.

तेवढ्यात मागून आवाज आला...

"रामकिसन... पाणी."

त्याने सवयीने मावळतीकडे पाहिलं. सूर्य गेला होता.

"बाई, दिवस मावळलाय," तो म्हणाला.

सायरबाईने खिडकीतून बाहेर पाहिलं. मान हलवली. डोळे मिटले.

रामकिसनने तांब्या रेडिएटरमध्ये ओतला.

गाडी चालू झाली. जालन्याचे दिवे दिसायच्या आत सायरबाई गेली. दवाखान्यात त्याने डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, पाणी पाजलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता, दुखणं हाताबाहेर गेलं होतं. पण तहानलेलं माणूस तहानलेलंच गेलं, ते काही डॉक्टरांच्या बोलण्याने बदलणार नव्हतं. बाईचा नेम राखला, का गाडी राखली? रामकिसनला स्वतःलाच सांगता येईना.

शेठ आले. त्यांनी एकच विचारलं.

"शेवटी काही बोलली का रे? काही मागितलं का?"

"न्हाई शेठ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. रोज संध्याकाळी बाजेवर बसून तोच सवाल. रोज रामकिसनचं तेच उत्तर. 

पंधरा दिवसांनी त्याच्या लक्षात आलं, गाडी चाललेली नसली तरी पाणी घटतंय.

शेठनी त्याला जालन्याला धाडलं. "जा, गळती काढून आण. मला त्या गाडीकडं बघवत न्हाई, पण विकवत बी न्हाई."

माझ्या वडलांनी रेडिएटर उतरवला. तोंडं बंद करून टाकीत बुडवला, पंपाने हवा भरली. एका नळीतून बुडबुडे आले. तिथं कथलाचा डाग दिला. पाण्याच्या पंपातून थोडं झिरपत होतं, तिथं झिरपणं रोखणारी नवी दोरी भरली. सगळे रबरी पाइप बदलले. मग गाडी दिवसभर उन्हात पळवून आणली. पाणी काठोकाठ.

"झालं काम," वडील म्हणाले.

संध्याकाळी पाहिलं...

पाणी खाली गेलं होतं. भरायला बरोबर एक तांब्या लागला.

वडलांना राग आला. ते असे रागावले की स्पॅनरशीसुद्धा भांडायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनाचं ऑइल पाहिलं. पाणी मिसळलं की ऑइल दुधासारखं होतं. ते काळंकुळकुळीत होतं. इंजिनाचं हेड उघडून मधली गॅस्केटची पट्टी पाहिली. शाबूत. मग गाडी शेडमध्ये ढकलून ठेवली, खाली वर्तमानपत्रं पसरली. इंजिनाला हातसुद्धा लावला नाही.

मावळतीला पुन्हा एक तांब्या कमी.

कागदावर एक थेंब नव्हता.

तिसऱ्या दिवशी दोघं रेडिएटरचं टोपण काढून समोर बसले. ऊन शेडच्या आत तिरपं आलं होतं. पाणी निवांत होतं, आरशासारखं.

सूर्य टेकला...

आणि पाणी हललं.

आधी बोटभर खाली गेलं. थांबलं. पुन्हा बोटभर. थांबलं. आतून आवाज येत होता, बारीक... घुट्... घुट्...

मग मागच्या सीटवरून एक सुस्कारा ऐकू आला.

मागची सीट रिकामी होती.

वडलांनी टोपण लावलं. 

"रामकिसन, ही गळती न्हाई," ते म्हणाले. "गळणारं पाणी असं दम खात न्हाई. हे कुणीतरी पिऊन राह्यलंय. अन् बघ, सूर्य अजून बुडाला न्हाई. रोज ह्याच टायमाला. बुडायच्या जरा आधी."

रामकिसनला राजूरचा तो रस्ता आठवला.

तो सायरबाईला म्हणाला होता, दिवस मावळलाय. आता ती उशीर करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी धावड्याला पोचेपर्यंत अंधारून आलं. शेठ बाजेवर बसले होते. त्यांनी रोजचा सवाल विचारायच्या आत रामकिसनने त्यांचे पाय धरले.

"शेठ, बाईनं पाणी मागितलं होतं. म्या दिलं न्हाई. दिवस मावळला म्हणलो, अन् गाडीत ओतलं."

मिस्त्रीकडे काय घडलं, तेही त्याने सांगितलं.  रामकिसनला वाटलं, आता लाथ बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

"त्या सकाळी निघताना मी तिला सांगून गेल्तो," शेठ हळूच म्हणाले. "बरं होईस्तोवर नेम सोड, म्हणलं. ती हो म्हणली होती."

रामकिसनने मान वर केली.

"मंग बाईनं मला तसं सांगितलं का न्हाई? मान का हलवली?"

"संतोषनं उलटा करून दाखवलेला डबा तिनं बघितला असंल," शेठ म्हणाले. "पाणी गाडीला लागतंय, हे कळलं असंल तिला. तशीच होती ती."

दोघंही रडले. मालक आणि नोकर असं काही उरलं नाही. मग शेठनी डोळे पुसले.

"आण पाणी. दिवस बुडाला असू दे, नेम सोडते म्हणली होती ती. तू न्हाई म्हणला होता, तूच दे. माझ्यासमोर दे."

रामकिसनने पाणी गाळून तांब्या भरला. शेठ कंदील धरून उभे राहिले. त्याने गाडीचं मागचं दार उघडलं आणि तांब्या आत धरला.

"बाई... पाणी घ्या. माझ्याकडून लई उशीर झाला."

बराच वेळ काही झालं नाही.

मग सीटच्या स्प्रिंगा करकरल्या... निजलेलं माणूस कोपरावर उठतं तशा.

रामकिसनच्या हातातला तांब्या हलका व्हायला लागला...

हलका... आणखी हलका...

शेठनी कंदील खाली ठेवून सीटवर हात फिरवला, पायाखाली फिरवला. सगळं कोरडं होतं. तांब्यात थेंब नव्हता.

"पिली," शेठ म्हणाले. त्या रात्री ते शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी मावळतीला रामकिसनने टोपण काढलं. पाणी काठोकाठ होतं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी शेठ स्वतः आले, टोपण काढून सूर्य बुडेपर्यंत आत बघत बसले. पाणी हललं नाही. अंधार पडला तरी ते उठेनात.

"भरलेलंच हाय, शेठ," रामकिसन म्हणाला. "आता घटणार न्हाई."

शेठनी वर पाहिलं. 

"घटत होतं तवर ती रोज येत होती रे," ते म्हणाले. "ही दुरुस्ती आपल्याला कुणी सांगितली होती?"

 शेठ त्यानंतर किती तरी वर्षं रोज संध्याकाळी त्या गाडीजवळ जाऊन बसायचे, असं रामकिसन म्हणाला. पाणी पुन्हा कधी घटलं नाही.

मी अजून गॅरेज चालवतो. पाणी घटतंय म्हणून एखादी जुनी गाडी येते. मी पाइप बघतो, पंप बघतो. ओल सापडली की जीव भांड्यात पडतो. पण वर्षा-दोन वर्षांतून एखादी अशी येते, जिची ओल सापडतच नाही. मी मालकाला काहीतरी कारण सांगतो, गाडी परत देतो... आणि तो गेल्यावर मला वाटत राहतं, त्याला विचारायला हवं होतं, घरातलं कोण गेलंय.