पिटहेवनचं हरवलेलं मत

सकाळचे नऊ वाजले होते आणि इसोबेलचा नवरा अजून सापडला नव्हता.

काल संध्याकाळी डेव्हिड लॅमंट "आलोच" म्हणून मागच्या दाराने बाहेर पडला, तो गेलाच. गावातल्या पुरुषांनी धक्का, होड्या, दारूचे गुत्ते सगळं पालथं घातलं. निवडणुकीच्या तोंडावर पिटहेवनमधून माणूस नाहीसा झाला, की लोक समुद्राकडेच धावत.

त्याला कारणही तसंच होतं. चार बंदरगावांची मिळून पार्लमेंटात एकच जागा. प्रत्येक गावची नगरसभा एक प्रतिनिधी निवडी आणि ते चौघे मिळून खासदार ठरवत. दोन-दोन अशी बरोबरी झाली, तर यजमान गावच्या प्रतिनिधीचं मत निर्णायक. १७८४ च्या त्या वसंतात यजमानपद पिटहेवनकडे होतं आणि प्रतिनिधी होता डेव्हिड. असा माणूस होडीत घालून पळवायचा, ब्रँडी पाजून बेटावर ठेवायचा आणि मतदान उरकल्यावर आणून सोडायचा, ही तिकडची जुनीच खोड. दहा वर्षांपूर्वी डेव्हिडच्या वडलांनाही असंच नेलं होतं. तीन दिवस उघड्यावर काढून ते परतले ते खोकतच, आणि महिन्याच्या आत गेले.

तो खोकला इसोबेलने ऐकला नव्हता, तरी सकाळपासून तिला तोच ऐकू येत होता. पाच महिन्यांच्या लेकीला, मेजीला, खांद्यावर घेऊन ती खिडकीशी उभी राही, पुन्हा दाराशी जाई, पुन्हा खिडकीशी येई. शेवटी तिने युफन टार्विटला बोलावणं धाडलं.

युफन गावची सुईण. साठी उलटलेली, बुटकी, डोळे टाचणीसारखे. गावात काही हरवलं की लोक आधी तिच्याकडे जात आणि मग चर्चमध्ये.

"रडून घेतलंस?" तिने आल्या आल्या विचारलं.

"हो, मावशी."

"झालं तर मग. त्याची सनद कुठंय?"

गावचा शिक्का असलेली ती सनद दाखवल्याशिवाय प्रतिनिधीचं मत कुणी धरत नसे. इसोबेलने टेबलाचा खण उघडला. सनद जागच्या जागी होती. युफनने मान हलवली आणि फडताळाकडे वळून विचारलं, इथलं काय गेलंय? इसोबेलने पाहिलं. डेव्हिडची छातीला बांधायची लोकरी पट्टी नव्हती आणि हंसाच्या चरबीची बरणीही नव्हती. थंडीत छातीला चोळायची ती चरबी.

शोधायला म्हणून रात्रभर बाहेर राहिलेल्या सासूबाई चुलीपाशी ओटच्या भाकऱ्या भाजत होत्या. मार्जरीबाई सहसा कपडे नीटनेटके ठेवणाऱ्या. आज मात्र त्यांच्या काळ्या शालीच्या काठाला पांढरे डाग होते. वळूनही न बघता त्या म्हणाल्या, "दुपारी येईल गं तो. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. दूध आटेल."

युफन आणि इसोबेल आधी वकील मॉन्करकडे गेल्या. विरोधी उमेदवाराची सगळी सूत्रं त्याच्या हाती. त्याने काही नाकारलं नाही. उलट तक्रारच केली. होडी कालपासून वाळूवर तयार ठेवली होती, ब्रँडीचं पिंपही आणलं होतं, पण डेव्हिड गुत्त्याकडे फिरकलाच नाही. त्याने पिंप दाखवलं. बुचावरची लाख जशीच्या तशी होती. माझ्याइतकं नुकसान कुणाचंच झालेलं नाही, असं तो अगदी कळवळून म्हणाला.

नगराध्यक्ष रँकिलर चावडीच्या पायरीवर येरझारा घालत होते. मतदान बाराच्या घंटेला; तोवर डेव्हिड आला नाही, तर तो विकला गेला असं धरून नागरिकांच्या यादीतून त्याचं नाव खोडणार, हे त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं. नाव खोडलं की त्याचं दुकान बंद, आणि गावही सुटलं.

युफनने त्यांना तोंडावर विचारलं, "तुम्हीच नाही ना कोंडलंत त्याला? राखण म्हणून?"

रँकिलर ओशाळले. कोंडायचा बेत होता खरा. तळघर झाडून घेतलं होतं, बायकोने अंथरूणही घातलं होतं. न्यायला माणूस गेला तेव्हा डेव्हिड आधीच नाहीसा झाला होता.

"छान," युफन परतताना पुटपुटली. "एकाने होडी आणली, दुसऱ्याने अंथरूण घातलं. पाहुणाच तेवढा नाही."

इसोबेलला हसू आलं नाही. "तो जिवंत असेल ना, मावशी?"

युफन थांबली. "सकाळपासून खिडकीत उभी होतीस. काय दिसलं?"

"काही नाही. बाग. कबुतरं."

"काय करत होती?"

"कबुतरखान्याच्या छपरावर बसून होती. सगळी. एवढ्या गार वाऱ्यात आत का जात नाहीत, असं वाटलं. अंडी गार पडतील म्हणून मलाच काळजी वाटली."

म्हातारीने तिच्या गालावर हात ठेवला. "लेकरावर नजर ठेवणाऱ्या बाईला सगळं दिसतं. फक्त काय दिसलं ते तिला कुणी विचारत नाही."

अकरा वाजता युफनने मॉन्कर आणि रँकिलर दोघांना लॅमंटांच्या स्वयंपाकघरात बसवून घेतलं. मार्जरीबाई उभ्याच राहिल्या.

युफनने बोलायला सुरुवात केली. "मतच हवं असतं, तर कागद चोरणं सोपं होतं. माणूस चोरायला चौघे लागतात, कागदाला एक खिसा पुरतो. पण सनद खणातच आहे. म्हणजे नेणाऱ्याला मत नको होतं, माणूस हवा होता."

"आमच्या माणसांनी..." मॉन्करने तोंड उघडलं.

"तुमच्या माणसांनी बूच काढलेलं नाही. आणि मला सांगा, वकीलसाहेब, पळवलेल्या माणसाच्या छातीला तुम्ही कधी हंसाची चरबी चोळलीत?"

मॉन्करने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लोकरी पट्टी नि चरबी नेणारा माणूस त्याच्या छातीला भीत होता. त्याला थंडी लागू नये म्हणून जपत होता. गाव समुद्रावर शोधत होतं, कारण दर वेळी समुद्रावरच सापडतं. पण कबुतरं आपल्या घरात शिरेनात, कारण त्यांच्या घरात कुणीतरी होतं. आणि त्या घरात जाऊन आलेल्याच्या शालीला त्यांची खूण लागली." तिचा आवाज खाली आला. "मार्जरी, तो दुपारी येईल असं तू म्हणालीस. आम्हा कुणालाच ते माहीत नव्हतं. तुलाच कसं ठाऊक?"

मार्जरीबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"रश्शाला कबुतरांची पिल्लं काढून आण म्हटलं त्याला," त्या म्हणाल्या. "आत गेला आणि मी कुलूप लावलं. बाराची घंटा होईपर्यंतच. एक दिला मी ह्या जागेपायी. दुसरा देणार नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत?" इसोबेल म्हणाली. "माझ्यासमोर भाकऱ्या भाजत होतात तुम्ही."

"तू त्याला सोडवलं असतंस."

"हो. सोडवलं असतं."

मेजीला खोकला आला, साधाच, दुधाचा ठसका. दोघींचे हात एकदमच पुढे झाले. इसोबेलचा राग तिथेच कुठेतरी सांडला.

कबुतरखान्याची किल्ली युफनने घेतली नाही. दार मार्जरीबाईंनीच उघडलं. डेव्हिड बाहेर आला, केसांत पिसं, छातीला पट्टी. युफनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तीस वर्षांपूर्वीही असाच अडून बसला होतास. पायाळू कुठला."

"वरच्या झरोक्यातून निघता आलं असतं, मावशी. पण आई दाराला पाठ लावून बसली होती, रात्रभर वाऱ्यात. इसोबेलला कळवलंय म्हणाली. बारापर्यंत समजूत काढीन तिची, असं वाटलं." मग त्याने बायकोचा चेहरा पाहिला. "कळवलं नव्हतं?"

त्याच्या छातीवर कान ठेवून इसोबेलने दोन-तीन श्वास ऐकले. ते स्वच्छ होते.

"आता?" मार्जरीबाईंनी विचारलं. "वाटेत धरतील त्याला."

"मग धरू दे की," युफन म्हणाली. "मेजी धरून चौघीजणींच्या मधून."

बाराला दहा मिनिटं असताना पिटहेवनच्या रस्त्याने ती वरात निघाली. डेव्हिडच्या एका हाताला आई, दुसऱ्या हाताला मेजीला घेतलेली इसोबेल आणि पुढे सनद झेंड्यासारखी धरलेली युफन. मॉन्करचे होडीवाले धक्क्यावर उभे होते. त्यांनी टोप्या काढल्या.

पुढे कायदा बदलला, प्रतिनिधी गेले, चार गावांची ती जागाही नकाशावरून पुसली गेली. त्या दिवशी कोण निवडून आलं, हे लॅमंटांच्या घरात कुणाला आठवत नसे. इसोबेलला आठवे ते एवढंच: चावडीच्या दाराशी सासूबाई डेव्हिडचा हात सोडेनात. घंटेचे ठोके सुरू झाले तेव्हा इसोबेलने मेजीला त्यांच्या कडेवर दिलं. मूल घ्यायला दोन्ही हात लागतात.