सदर कर्मचाऱ्याला समज देण्यात आली आहे

ज्या वर्षी माझा धाकटा भाऊ इस्को जहाजावरची नोकरी सोडून कायमचा घरी आला, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन हजार सोळा. जन्मभर समुद्रावर काढून तो घरी परतला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याला कळलं की आता त्याची एकुलती एक मुलगी कॅनडाला निघाली आहे.

ती जुव्ही. माझी भाची. फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलो शहरातल्याच एका इस्पितळात नर्स होती. तिचे बाकी सगळे कागद तयार होते, गाडी अडली होती इंग्रजीच्या परीक्षेत, आणि त्यातही फक्त लिहिण्यात. त्या परीक्षेत ईमेल लिहायला लावतात. हॉटेलात ओला टॉवेल मिळाला, शेजाऱ्याचा कुत्रा रात्रभर भुंकतो, बागेतले दिवे लागत नाहीत… अशा न घडलेल्या गोष्टींबद्दल, कधीही न भेटलेल्या माणसाला, अतिशय नम्रपणे लिहायचं. पहिल्या खेपेला जुव्हीचा एक गुण कमी पडला होता.

ला पाझच्या बाजारामागे माझं बाचोयचं, म्हणजे शेवया आणि काळीज घातलेल्या गरम रश्शाचं, दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर तेव्हा मॅम सोकोरोचा त्या परीक्षेचा क्लास होता. वर पोरं तक्रारी लिहायची आणि खाली येऊन माझ्या शेवया खायची.

त्या दुपारी पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की मॅमचा आवाज कोणाला ऐकू येईना. मग तिने शिकवणं सोडून चिठ्ठ्या काढल्या. अर्ध्यांनी तक्रार लिहायची, अर्ध्यांनी कंपनीतर्फे उत्तर द्यायचं. जुव्हीला गळका फ्रीज आला. तिच्यासमोर कंपनी व्हायला कोणी उरलं नव्हतं. तेवढ्यात एकजण निथळत दारात उभा राहिला — फी किती, एवढंच विचारायला आला होता — मॅमने त्याला ओढून जुव्हीसमोर बसवलं आणि म्हणाली, तू मॅनेजर.

त्याने केस पुसले, जुव्हीची तक्रार वाचली आणि पाच-दहा मिनिटांत उत्तर लिहून दिलं.

जुव्ही खाली आली. मी वाडगं पुढे ठेवलं तरी चमचा उचलेना.

"काय झालं, इंदाय?" पोरीला आम्ही लाडाने इंदाय म्हणतो, आणि ती मला, आत्याला, तिया.

"तिया, त्याने अशी माफी मागितली की मला फ्रीज परत घ्यावासा वाटला." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि मुळात फ्रीज नव्हताच."

मी तेव्हाच मनाशी म्हटलं, या माणसापासून सांभाळून राहायला हवं.

त्याचं नाव रोडेल गालेगो. रात्रपाळीला कॉल सेंटरमध्ये जायचा. बोलायचं काम नव्हतं त्याचं, लिहायचं होतं. अमेरिकेतले लोक गाद्यांबद्दल तक्रारी लिहायचे आणि हा त्यांना उत्तरं द्यायचा. दुपारी तीनला उठून माझ्याकडे न्याहारी करायला यायचा, डोळे सुजलेले, शर्टाला इस्त्री मात्र कडक. वाडगं दिलं की आभार मानायचा, पाणी दिलं की आभार मानायचा. मांजर पायातून गेलं तर त्यालाही म्हणायचा, माफ कर.

एकदा मी मुद्दाम त्याला गार रस्सा वाढला. वरची चरबी थिजलेली, काळीज कडक झालेलं. त्याने सगळं संपवलं, वाडगं स्वतः आत आणून ठेवलं आणि म्हणाला, छान होतं, तिया. गार रस्सा मुकाट्याने खाऊन वर छान म्हणणारा माणूस — अशा माणसाच्या मनात काय चाललंय ते कसं कळायचं?

आणि आणखी एक. रात्रभर इंग्रजी लिहिणाऱ्याला क्लास कशाला हवा? हे मी जुव्हीला विचारलं. तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, उत्तर लिहायला सांगितलं तर मी पास आहे, पण परीक्षेत तक्रार लिहायला सांगतात. आणि ते खरं होतं. त्याच्या तक्रारी वाचून मॅम सोकोरो कपाळाला हात लावायची. ओल्या टॉवेलबद्दल लिहायला घ्यायचा आणि शेवटी हॉटेलचेच आभार मानायचा. तक्रारीत शेवटी काहीतरी मागायचं असतं — पैसे परत, नवी वस्तू, निदान खुलासा. मागणी नसली तर गुण जातात. हा कधीच काही मागायचा नाही. मॅम वरून ओरडायची ते मला खाली ऐकू यायचं, "तुला हवंय तरी काय, तोतो?" पोरांना ती तोतो म्हणायची.

मलाही तेच जाणून घ्यायचं होतं.

त्याला कारण मेर्ली. मेर्ली जुव्हीची मामेबहीण. तिनेही परीक्षा दिली, अर्ज भरला, आणि अर्ज पाठवायच्या आधी एका गोड बोलणाऱ्या माणसाशी लग्न केलं. अर्जात नवरा दाखवला की त्याचंही काम होतं. दोघं व्हँकुव्हरला उतरले. बॅगा येतात तिथे तो म्हणाला, जरा जाऊन येतो… तो अजून यायचा आहे. मेर्ली दोन्ही बॅगा घेऊन किती वेळ तिथे उभी होती, हे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. पण जुव्ही ते विसरली नव्हती, आणि मीही नाही.

तरी पोरगी जायची. रोज वर जायची, त्याच्यासमोर बसायची. दोघं सरावाचे ईमेल एकमेकांना पाठवायची. एकदा हसत हसत तिने फोन माझ्यापुढे धरला. तिनेच मला अक्षरं शिकवली होती, माझे केस पिकल्यावर, त्यामुळे मला वाचायला लावायची तिला हौस होती. तिने कंपनीला लिहिलं होतं:

"महोदय, काल सायंकाळी जिन्यात आपल्या एका कर्मचाऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि नंतर पाहिले नाही. यांपैकी कशाबद्दल तक्रार करावी हे ठरत नसल्याने दोन्हींबद्दल करीत आहे."

आणि त्याचं उत्तर:

"महोदया, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सदर कर्मचाऱ्याला समज देण्यात आली आहे. तो पुन्हा पाहील."

मला हसू आलं. मी ते दाबलं. म्हटलं, इंदाय, ज्याला असलं लिहायचा पगार मिळतो त्याचं लिहिणं खरं मानायचं नसतं. ती म्हणाली, माहीत आहे. आणि फोन घेऊन गेली, पण जाताना ते पुन्हा वाचत होती.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती दोघं नदीकाठच्या रस्त्यावर फिरायला गेली. तिला रडू कोसळलं. पुन्हा एक गुण कमी पडला तर… बापाने सगळी बचत तिच्या कागदांत घातली होती. रोडेल तिच्याजवळ बसला. हात धरला नाही, फक्त तिचा चप्पल सुटलेला पाय कठड्यावरून घसरू नये म्हणून आपला पाय खाली लावून ठेवला. आणि म्हणाला, "तुला काय वाटत असेल ते मला पूर्ण कळतंय. यात तू एकटी नाहीस." हे तिने मला घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी माझा संशय तेवढ्यापुरता गिळला.

पण पुढच्याच आठवड्यात काय झालं, माझा भाताचा नवा कुकर जळला. जुव्हीने कंपनीला खरीखुरी तक्रार लिहिली. उत्तर आलं. ती मोठ्याने वाचत होती आणि मध्येच थांबली. तिथे लिहिलं होतं: आपल्याला काय वाटत असेल ते आम्हाला पूर्ण कळते. यात आपण एकट्या नाही.

कंपनी वेगळी, शहर वेगळं. वाक्य तेच.

जुव्हीने फोन टेबलावर पालथा ठेवला. त्यानंतर चार दिवस ती दुकानात आली नाही. रोडेल दुपारी यायचा, दाराकडे तोंड करून बसायचा, शेवया फुगेपर्यंत. मला विचारायचा, जुव्ही बरी आहे ना? मी म्हणायचे, कामात आहे. तो म्हणायचा, समजू शकतो. मला वाटायचं, हेसुद्धा कुठल्या तरी पुस्तकातलंच असणार.

मग निकाल लागला. जुव्ही पास झाली. रोडेलही त्याच परीक्षेला बसला होता, तो लिहिण्यात राहिला. थोड्याच महिन्यांत तिला कॅनडाहून अर्ज पाठवायचं बोलावणं आलं, आणि त्या अर्जात एक प्रश्न होता: विवाहित की अविवाहित. आता इस्कोसुद्धा बोलला, तो सहसा बोलत नाही. म्हणाला, त्या पोराला स्वतःच्या बळावर जाता येत नाही आणि तुला जाता येतं. आता तो काय करतो ते बघ.

तो काहीच करेना. त्यामुळे संशय आणखी वाढला. लग्नाचं विचारायला आला असता तर म्हटलं असतं, कॅनडासाठी आला. येत नव्हता, तर वाटत होतं, थांबून राहिलाय, तिने स्वतःहून विचारावं म्हणून.

शेवटी जुव्हीनेच त्याला दुकानात बोलावलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, मी हाडं उकळत होते आणि आत जायला मुळीच तयार नव्हते. ती त्याला म्हणाली, मी अर्जात अविवाहित लिहिणार आहे.

त्याने मान हलवली. "मला पूर्ण कळतंय. तुझ्या निर्णयाचा मी आदर…"

"गादी परत करायला आलेय का मी?"

 त्याच्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत होती. बाहेर पाऊस नुकताच थांबला होता आणि पन्हळीतून पाणी थेंब थेंब पडत होतं. मला वाटलं, आता आभार मानेल आणि उठेल.

"मला तक्रार करायची आहे," तो म्हणाला.

जुव्हीने हाताची घडी घातली. "कर."

"तू माझ्याशी बोलतेस तेव्हा माझ्याशी बोलत नाहीस. मेर्लीच्या नवऱ्याशी बोलतेस. मी त्या माणसाला पाहिलेलंही नाही आणि इतके महिने त्याने केलेल्याची माफी मी मागतोय. रात्रभर मी तेच करतो, जुव्ही. जे मी केलेलं नाही त्याची माफी मागतो. तिथे मला त्याचा पगार मिळतो. इथे… इथे मी नाही मागणार."

त्याचा आवाज चढला नव्हता, पण फाटला होता. मी पळी खाली ठेवली.

"आणि नदीकाठचं ते वाक्य?" जुव्ही म्हणाली.

"ते कामावरचंच होतं. तू रडत होतीस. मला दुसरं सुचलं नाही. माझ्याकडे तेवढीच वाक्यं आहेत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग मॅम सोकोरोसारखीच, पण अगदी हळू, म्हणाली, "मागणी काय?"

 "मला तुझ्याशी लग्न करायचंय," तो म्हणाला. "आणि… कॅनडालाही जायचंय. दोन्ही. रात्रपाळीने माझे डोळे गेलेत, मला इथून निघायचंय. फक्त तूच हवीस, बाकी काही नको, असं म्हणालो तर ते ऐकायला बरं वाटेल, पण खोटं होईल. कॅनडा नसता तरी तुलाच विचारलं असतं… पण कॅनडा आहे. आता तू काय ते ठरव."

जुव्हीने हाताची घडी सोडली.

"हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं?" जुव्हीने विचारलं.

"कुठल्याच नाही. म्हणून तर इतकं वाईट झालं."

तेव्हा ती हसली. हसता हसता तिने त्याच्या कडक कॉलरची एक बाजू वर आली होती ती खाली दाबली, आणि हात तिथेच राहू दिला. मला म्हणाली, "तिया, दोन वाडगी." मी वाढली. माझं समाधान झालं नव्हतं. खरं बोलणारा माणूसही बॅगा येतात तिथून जाऊ शकतो, असं मला वाटत होतं, आणि ते मी तिला त्या रात्री सांगितलंही. ती म्हणाली, "जाऊ शकतो, तिया. पण त्याला काय काय हवंय ते त्याने मला आधी मोजून बघायला दिलं. मेर्लीला कोणी दिलं नव्हतं."

नगरपालिकेच्या कचेरीत त्यांचं लग्न झालं. इस्कोने भाषण केलं नाही, रोडेलला आपला जहाजावरचा जाड कोट दिला. अर्ज गेला, पुढच्या वर्षी व्हिसे आले, दोघं कॅनडातल्या रेजायनाला गेली.

पोचल्यावर जुव्हीचा फोन आला तेव्हा मी प्रवास कसा झाला हे विचारलं नाही. विचारलं, "आहे का तो?"

"आहे, तिया. बॅगा ओढतोय."

त्यानंतर दर रविवारी मी तेच विचारायचे. आहे का? आहे. एकदा त्यानेच फोन घेतला आणि म्हणाला, "तिया, मी अजून इथेच आहे. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे." त्याला तिथे एका गोदामात दिवसपाळी मिळाली. डोळ्यांची सूज उतरली. तक्रारीही करायला लागला म्हणे: बर्फाच्या, पावाच्या, जुव्हीच्या ओल्या मोज्यांच्या. तिने मला हे इतक्या आनंदाने सांगितलं की तिसऱ्या की चौथ्या वर्षी कधीतरी मी विचारायचं सोडून दिलं. कधी सोडलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मग एका मार्चमध्ये मंगळवारी फोन आला. रविवार नसताना. तिचा श्वास ऐकला आणि मी काही विचारलं नाही.

रोडेल गालेगो दोन हजार बावीस सालच्या मार्चमध्ये रेजायनाच्या इस्पितळात रक्ताच्या कर्करोगाने वारला. जुव्ही त्याच्याजवळ होती.