खोटी डहाळी

ज्याला पटेल त्याला पटो. पण हे घडलेलं आहे, आणि तेही रात्रीबेरात्री नाही. वैशाखातल्या टळटळीत दुपारी, संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या राखीव जंगलात. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळात.

चारोळी पिकली की माणसं उजाडताच पायवाटेला लागत. त्या वाटांचा एक नेम होता. दोन वाटा फुटतात तिथं पुढं गेलेल्यानं चुकीच्या वाटेवर पळसाची हिरवी डहाळी आडवी टाकायची. मागून येणाऱ्यानं ती ओलांडायची नाही.

जंगलात सारं फसवील, डहाळी फसवत नाही.

पुंजाजीनं ती एकदा खोटी टाकली होती.

तीन वर्षांपूर्वी. झऱ्याच्या वाटेला चारोळीचं एक झाड लगडलेलं त्यानं हेरून ठेवलं होतं. मागून त्याची वहिनी, तानुबाई, दम खात येत होती.

"भाऊजी, माह्यासाठी चार दाने ठेवजा. सारेच खाल्ले तं माकडं तुमाले सोयरा म्हनतीन."

तो हसला आणि पुढं झाला. झऱ्याच्याच वाटेवर त्यानं डहाळी टाकली, अन् तीच ओलांडून पल्याड गेला.

घटकाभर एकट्यानं तोडावं, एवढंच मनात होतं.

तानुबाईनं डहाळी पाहिली. ती दुसऱ्या वाटेनं गेली. ती वाट कोरड्या दरीत उतरते.

तिसऱ्या दिवशी सापडली. ओठ तडकलेले होते.

"वाट चुकली बिचारी," गाव म्हणालं.

पुंजाजीही तेच म्हणाला.

तीन वर्षांनंतरच्या त्या टळटळीत दुपारी तो थोरल्या भावासोबत, तानुबाईच्या नवऱ्यासोबत, त्याच वाटेनं चालला होता. पुंजाजी पुढं. किसनराव हाकेच्या अंतरावर मागं.

पाखरू बोलत नव्हतं. पान हलत नव्हतं.

फाट्यावर तो थबकला...

झऱ्याच्या वाटेवर डहाळी आडवी पडली होती.

त्या दिवशी त्या वाटेला त्यांच्याआधी कुणीच आलं नव्हतं, धुळीत एक पाऊल उमटलेलं नव्हतं. तरी मोडल्या देठाशी ओल होती.

त्यानं ती झुडपात भिरकावली. झपाझपा वीस पावलं गेला. मागं वळून पाहिलं...

डहाळी पुन्हा जागेवर होती.

किसनरावाची पावलं फाट्याशी आली. थांबली. मग दरीच्या वाटेला लागली...

आणि त्या पावलांबरोबर दगडावर जोडवी वाजत होती. अर्धी ओवी ऐकू आली.

'डोंगराच्या आड गं, झऱ्याचं गार पानी...'

पुढली ओळ आलीच नाही.

हाक मारली, तर भाऊ विचारेल. नाही मारली, तर भाऊही त्याच दरीत जाईल.

"दादा, नको जाऊ. डहाळी खोटी हाय."

पावलं थांबली. किसनराव परत फाट्यावर आला. एकटाच.

"तुले कसं माईत बे?"

पुंजाजी वाटेतच खाली बसला.

"वहिनी गेली तवा... म्याच टाकली होती."

किसनरावानं एकच विचारलं.

"त्या दिशी पान्याचा तुंबा कोनापाशी होता?"

"माह्यापाशी."

किसनरावानं आपल्या खांद्यावरचा भरलेला तुंबा काढून त्याच्या हातात दिला.

"जा. तिले पाजून ये. मी अठी उभा हाओ."

पुंजाजी दरीत उतरला. ती सापडली होती त्या काळ्या खडकाशी त्यानं गुडघे टेकले. तुंबा कलता केला.

धार पडली... आणि हातभर खाली येऊन नाहीशी झाली.

माती कोरडीच.

त्यानं अख्खा तुंबा ओतला. भुईला एक थेंब लागला नाही.

मग अगदी कानाशी, दमलेल्या आवाजात...

"अजून हाय का, भाऊजी?"

तुंबा रिकामा होता.

म्हातारपणी हे सांगताना पुंजाजी इथवर येऊन थांबे. मग काय झालं, असं कुणी विचारलं, तर खालमानेनं एवढंच म्हणे,

"ती चिडली असती तं निभलं असतं, बापू. तिनं तं फक्त पानी मांगितलं."