दाराच्या घंटेतला सेल

सेलच्या पाठीवरच्या बारीक पट्टीत आकडा दिसत होता: एकोणीस दिवस. श्वासपट्ट्याच्या खोक्यावर छापलं होतं, सेल तीन महिने चालेल.

स्वरदानं नभाच्या पायातला श्वासपट्टा पुन्हा नीट बसवला. चार महिन्यांच्या लेकीचा श्वास अडखळला तर पट्टा वाजणार होता. पण सेलच मध्ये संपला तर? नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर, महिना महिना तिकडेच. घरात लक्ष ठेवणारी ती एकटी.

हे ‘जाणते सेल’ नुकतेच बाजारात आले होते. वापरून फेकायचेच, पण आत एक नखाएवढी चकती. ज्या वस्तूत बसवाल ती रोज किती वीज ओढते हे चकती शिकायची आणि सेल किती दिवस पुरेल ते सांगायची. एकाच पाकिटातले सेल आठवड्यापूर्वी तिनं घरभर बसवले होते. भिंतीवरच्या घड्याळातला म्हणत होता दोन वर्षं. दाराच्या घंटेतला, अकरा वर्षं.

म्हणजे चांगला माल दारावर आणि भुक्कड लेकीच्या पायात! तिनं दोन्हींची अदलाबदल केली.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अकरा वर्षंवाला सेल पट्ट्यात पंचवीस दिवसांवर उतरला होता. पट्ट्यातला जुना दारावर जाऊन सांगत होता, आठ वर्षं.

नभाला छातीशी बांधून ती कोपऱ्यावरच्या बेंडाळेकाकूंच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेली.

“काकू, पट्ट्यातल्या या सेलपेक्षा दमदार द्या. लिथियमचा द्या, महाग असला तरी.”

“देते की. आधी सांग, पट्ट्याचं बटण दिवसातून किती वेळा दाबतेस?”

“कुठलं?”

“श्वास दाखवणारं. तो पडदा उजळतो ना, तोच सगळी वीज खातो. बाळाच्या श्वासाला चिमूटभर लागते गं.”

स्वरदानं मनात मोजलं. दोनशे वेळा? जास्तच असेल.

“आणि घंटेतला अकरा वर्षं म्हणत होता, तो बिघडलाय ना?”

“घंटा वाजतच नसेल.”

“मीच कागद लावलाय दारावर,” ती हळूच म्हणाली. “बाळ झोपलंय, वाजवू नका म्हणून. सव्वा महिन्यापुरता होता. मग राहूनच गेला.”

“तरीच. मी दोनदा येऊन माघारी फिरले. डिंकाचे लाडू होते. शेवटी आमच्या ह्यांनी संपवले. बाळंतीण तू, बाळसं त्यांना.”

स्वरदा हसली आणि हसता हसता तिचा आवाज फाटला.

काकूंनी न बघितल्यासारखं करून लिथियमचा सेल काचेवर ठेवला. “हा दुप्पट तरी चालेल. पण अशीच दाबत राहिलीस, तर याचेही दिवसच मोजशील.”

नभाचा ऊन श्वास तिच्या गळ्याला लागत होता. सवयीनं बटणाकडे गेलेला अंगठा तिनं मागे घेतला.

“काकू,” तिनं विचारलं, “दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा तुम्ही काय करता?”