दहा जणांचा कौल

त्या काळात एखादं जिवंत तंत्रज्ञान, म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला जीव, मोकळ्या हवेत सोडायचं असेल, तर आधी दहा माणसांना ते समजावून सांगावं लागे. ही माणसं शास्त्रज्ञ नसत. त्या भागाच्या मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून त्यांची निवड होई. त्यात एखादा रिक्षावाला असे, एखादी अंगणवाडीताई, एखादा निवृत्त तलाठी. त्यांना कौलपंच म्हणत. सात वर्षं कुंपणाच्या आत चाचण्या झाल्यावर वस्तू त्यांच्यासमोर यायची आणि त्यांनी बहुमताने ‘नाही’ म्हटलं, की जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला ती तिथे सोडता येत नसे. श्रीमंत देशांत असा कायदा नव्हता. त्यांनी असल्या तंत्रज्ञानावर सरसकट बंदीच घातली होती. बंदी त्यांना परवडत होती.

डॉ. रेवती प्रभुदेसाई यांना परवडत नव्हती. दोडामार्गच्या जंगलात दर हिवाळ्यात माकडताप यायचा. हा रोग मुळात माकडांत फैलावतो आणि गोचीड तो माणसापर्यंत आणते. काजूच्या बागेत काम करणारी धडधाकट माणसं आठ-दहा दिवसांत जात. माणसांना टोचायची लस जेमतेम चालायची आणि पुन्हा पुन्हा घ्यावी लागायची. माकडांना तर टोचणार कोण?

रेवतींनी त्यावर पसरती लस बनवली होती. माकडांच्या घशात एक निरुपद्रवी विषाणू कायम वस्तीला असतो. त्याच्या अंगावर त्यांनी माकडतापाच्या विषाणूचा एक तुकडा चढवला. आता एका माकडाला लस दिली की ते उष्टं फळ दुसऱ्याला देताना, उवा वेचताना ती पुढच्याला देणार. लस सर्दीसारखी पसरणार आणि सुईचं काम सर्दी करणार. ती बेलगाम होऊ नये म्हणून त्यांनी तिच्यात ‘विझती कडी’ घातली होती. दहा-बारा माकडांतून गेल्यावर लस आपोआप संपायची. शिवाय ती आपली म्हणून ओळखू यावी, यासाठी तिच्या जनुकात एक खूण ठेवली होती, निसर्गात कुठेही न सापडणारी.

सुनावणीला दोन दिवस उरले होते. आणखी अकरा देशांचे प्रतिनिधी पडद्यावरून ती पाहणार होते. दोडामार्गचा कौल काय लागतो त्यावर त्यांचे नियम ठरायचे होते. एक शेवटची औपचारिकता म्हणून रेवतींनी आपल्या केंद्राच्या कुंपणाबाहेरच्या, चाळीस किलोमीटर दूरच्या वीस माकडांचं रक्त तपासलं.

वीसपैकी सतरांत खूण होती.

त्यांनी नमुने पुन्हा तपासले. पुन्हा सतरा. नोंदवही चाळून दुपारी त्या पिंजऱ्यांकडे गेल्या. तिथे सत्यवती गवस फणसाचे गरे निवडत बसल्या होत्या. पन्नाशीच्या सत्यवतीबाई सुरुवातीपासून केलडी, म्हणजे लाल तोंडाची माकडं, सांभाळत होत्या.

“सत्यवतीबाई, तीन वर्षांपूर्वी एक मादी मेली अशी नोंद आहे. तिला पुरलं कुठे?”

सत्यवतीबाईंचा हात थांबला. मग त्यांनी उरलेला गरा सोलून टोपलीत टाकला.

“पुरूक नाय, बाई. सोडलंय.”

“चुकून?”

“चुकून कित्याक? दार उघडून सोडलंय. माझ्या घोवाक ह्या तापान नेल्यान. मगे भावाक. तुमी म्हणलात, सात वर्सां थांबा. औषद हातात आसान माणूस मरता, मगे ह्या पाप कोणाचा?”

बाईंचा नवरा आणि भाऊ गेल्याचं रेवतींना माहीत होतं. गेले दोन हंगाम तालुक्यात एकही माणूस माकडतापाने गेला नव्हता. त्यांनी आपल्या अहवालात त्याचं श्रेय लांबलेल्या पावसाला दिलं होतं.

“पण ती दहा-बारा माकडांनंतर विझायला हवी होती,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

“मगे विझली कित्याक नाय?”

रेवती तिथेच ओट्यावर बसल्या. “समजा, शंभर पणत्या आहेत. प्रत्येकीत मोजून तेल घातलंय. त्यातल्या एकीला चुकून तेलाचा झरा लागला. सकाळी तुम्हाला कोणती पेटलेली दिसेल?”

“झऱ्याची.”

“तसंच झालं. विषाणूची नक्कल होताना चुका होतात. एका चुकीत कडी तुटली. ज्या लसींत कडी शाबूत होती त्या विझून गेल्या. उरली ती न विझणारी. आम्ही सात वर्षं जिला तपासलं ती ही नव्हेच.”

सत्यवतीबाईंनी टोपली बाजूला सारली. मग त्यांनी आपण होऊन दंड पुढे केला. “माझा रगात बघा. मी त्यांच्यातच ऱ्हवतंय.”

संध्याकाळच्या आत निकाल आला. सत्यवतीबाईंच्या रक्तात खूण होती. लस माणसांत येणार नाही, असं रेवतींनी चौदा कागदांवर सही करून लिहून दिलं होतं. मग त्यांनी स्वतःचं रक्त घेतलं. गेल्या दोन वर्षांत त्या पिंजऱ्याच्या आत एकदाही गेल्या नव्हत्या. फक्त तालुक्याच्या बाजारात भाजी घेत होत्या, शाळेच्या कार्यक्रमांना जात होत्या, माणसांत बसून चहा पीत होत्या.

त्यांच्याही रक्तात खूण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दिल्लीला फोन लावला. आरोग्य मंत्रालयाच्या सहसचिवांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “कुणी आजारी पडलंय?”

“नाही. उलट कुणी मेलं नाही.”

“मग सुनावणी होऊ द्या. कौल ‘हो’ लागला तर हे कधी घडलं याला महत्त्वच उरणार नाही. आणि तुम्ही उद्या तोंड उघडलंत, तर अकरा देश मागे फिरतील. तिथे कोणकोणते रोग आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. आपल्यासारख्या देशांना दुसरी संधी कुणी देत नाही, डॉक्टर.”

ते खोटं नव्हतं.

सुनावणी पंचायत समितीच्या सभागृहात भरली. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती इनामदार. रेवतींनी लस समजावून सांगितली. माकडं, उष्टी फळं, विझती कडी. कौलपंचांनी प्रश्न विचारले. सगळ्यांत शेवटी वृंदा राऊळ उभी राहिली. ती बांद्याच्या पोस्टात कारकून होती आणि पाच महिन्यांची गरोदर होती.

“मॅडम, एकच विचारायचंय. आज आम्ही नाही म्हटलं, तर तुम्ही ही लस थांबवाल ना?”

सभागृहात पंखे फिरत होते. समोर पडद्यावर अकरा चेहरे होते. भिंतीजवळ सत्यवतीबाई उभ्या होत्या.

‘हो’ म्हणणं सोपं होतं.

“नाही,” रेवती म्हणाल्या. “थांबवता येणार नाही. ती सुटली आहे. तीन वर्षं झाली. माझ्या रक्तात आहे. बहुतेक तुमच्याही असेल.”

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग पहिल्या रांगेतल्या एकाने नाकाला रुमाल लावला. वृंदाचा हात पोटावर गेला.

“गरोदरपणात त्याने काय होतं?”

“आम्ही ते तपासलं नाही. ती माणसांत येणारच नव्हती.”

“कुणी सोडली?” न्यायमूर्तींनी विचारलं.

“केंद्राची प्रमुख मी आहे. जबाबदारी माझी,” रेवती म्हणाल्या.

“बाईंची नाय,” भिंतीजवळून आवाज आला. सत्यवतीबाई पुढे आल्या. “दार मी उघडलंय. ह्या गावातली माणसां दोन वर्सां मेली नाय, तासुद्धा माझ्यामुळां. काय तो गुन्हा लिवा.”

गोंधळ शमायला अर्धा तास गेला. सगळ्यांना वाटलं, सुनावणी आता बरखास्त होणार. पण न्यायमूर्तींनी कायद्याचं पुस्तक दोनदा चाळलं आणि सांगितलं, की जी वस्तू आधीच पसरली आहे तिच्याबद्दल काय करायचं, हे कायद्यात लिहिलेलंच नाही. लिहिलंय ते इतकंच, की ठरल्या दिवशी कौल घ्यायचा. म्हणून कौल घेतला गेला. सहा जणांनी ‘हो’ म्हटलं. त्यातल्या एकाचा भाऊ पूर्वी माकडतापाने गेला होता. दुसरा म्हणाला, “आता नाही म्हणून करायचं काय?” चार जण ‘नाही’ म्हणाले. वृंदा त्यांत होती.

पोलीस सत्यवतीबाईंना घेऊन गेले. जीप निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू बागांतल्या बायका हात जोडून उभ्या होत्या. रेवतींना केंद्रातून काढलं नाही. चौकशी झाली, ताशेरे आले, आणि त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या, कारण या लसीबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

अकरा देश मागे फिरले नाहीत. सहसचिवांचा अंदाज चुकला होता. त्या देशांच्या सरकारांकडे जो अहवाल गेला त्यात दोनच ओळी ठळक होत्या: मृत्यू शून्य, लोकसंमती सहा विरुद्ध चार. यातलं आधी काय घडलं आणि नंतर काय, ते परिशिष्टात होतं. पुढच्या वर्षभरात तीन देशांनी आपापल्या पसरत्या लसी सोडल्या आणि मग सुनावण्या घेतल्या. तिन्ही ठिकाणी कौल ‘हो’ लागला.

वृंदा केंद्रात आली तेव्हा तिची मुलगी आठ महिन्यांची झाली होती. गुटगुटीत, हसरी मुलगी. रेवतींनी तिला तपासलं, वजन घेतलं, डोळ्यांसमोर बोट फिरवलं.

“छान आहे. काहीही दोष दिसत नाही.”

“रक्तात आहे ना?”

“आहे. जन्मापासून.”

“पुढे काय होईल?”

“बहुधा काहीच नाही. पण खात्रीने सांगायला तीस-चाळीस वर्षं जावी लागतील.”

“काढता येईल?”

“नाही.”

वृंदाने मुलीचं झबलं सारखं केलं. आवाज न चढवता तिने विचारलं, “मॅडम, मग त्या दिवशी आम्हाला विचारलंत कशाला?”

रेवतींनी मुलीचं वजन कार्डावर लिहिलं. वृंदा मुलीला कडेवर घेऊन निघून गेली.

दिल्लीहून आलेला लखोटा सकाळपासून टेबलावर पडला होता. रेवतींनी तो आता उघडला. पसरती लस क्रमांक दोन, डेंग्यूवर. या वेळी थेट माणसांसाठी. तांत्रिक प्रमुख म्हणून त्यांचं नाव होतं. लस सोडण्याची तारीख छापलेली होती, येत्या जूनमधली. त्याच्या खाली सुनावणीसाठी एक ओळ होती.

‘दिनांक यथावकाश कळवण्यात येईल.’